सुप्यात ट्यूना पास्ता: बिल किती, ताटामागे किती?

परदेशी पदार्थ घरी करायचा म्हटलं की खर्चाचे दोन आकडे निघतात. एक दुकानातल्या बिलाचा, दुसरा ताटामागचा. ट्यूना पास्त्याचं सगळं सामान कुठल्या तरी व्हिडिओत दाखवलंय तसंच्या तसं आणलं तर पहिल्याच फेरीत दीड हजार रुपये जातात. तोच पदार्थ नीट बेतला तर चार माणसांचा पावणेचारशेच्या आसपास होतो. ट्यूनाच्या डब्याचा हट्ट सोडलात तर दीडशे-अडीचशेतही होतो.

एक गोष्ट आधीच डोक्यात घ्या, म्हणजे पुढचा हिशेब सोपा जाईल. इटलीत हा काही थाटामाटाचा पदार्थ नाही. आपल्याकडे घरात भाजी नसली की पिठलं टाकतात, तसा तिकडे हा. कपाटात पास्ता असतो, ट्यूनाचा डबा असतो, लसूण-टोमॅटो असतात, वीस मिनिटांत जेवण तयार. आपल्याकडे तो महाग होतो तो डब्यामुळे आणि बाटल्यांमुळे. डब्यावर खर्च करायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण बाटल्यांवर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढे दिलेले भाव किरकोळ बाजारातले आणि अदमासाचे आहेत. दुकान, मोसम आणि ब्रँड बदलला की दहा-वीस टक्के इकडे-तिकडे होणारच.

सुप्यात काय मिळतं, काय नाही

सुप्यातल्या किराणा दुकानात सुटी मॅकरोनी मिळते, पास्त्याची पाकिटं मिळतात, चिली फ्लेक्स आणि केचपही मिळतं. ट्यूनाचा डबा मिळेल असं मात्र धरून चालू नका. त्यासाठी बारामतीतलं एखादं मोठं सुपर मार्केट बघावं लागतं, नाहीतर पुण्याहून येणाऱ्या कुणाला तरी सांगावं लागतं, नाहीतर ऑनलाइन मागवावा लागतो. बारामतीला इटली तशी नवी नाही. आपण ज्या आपे रिक्षातून जातो ती पियाजिओ कंपनीची, कारखाना बारामतीच्या एमआयडीसीत. व्हेस्पा स्कूटरही 2012 पासून तिथेच बनते, आणि किंडर जॉयवाल्या फेरेरोचा कारखानाही तिथेच आहे. तरी इटालियन स्वयंपाकाचं सामान दुकानातल्या सगळ्यात आतल्या फळीवर आणि महागच.

नुसत्या डब्यासाठी बारामतीची खेप करू नये. तीस-पस्तीस किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं, एसटीच्या तिकिटातच डब्याची जवळपास निम्मी किंमत जाते. महिलांना मार्च 2023 पासून तिकीट निम्मं आहे, तरी दिवस मोडतो तो वेगळाच. दवाखाना, बँक, कॉलेज अशा दुसऱ्या कामाला जाणं असेल तेव्हा दोन डबे आणून ठेवावेत. डबा दोन-तीन वर्षं टिकतो. बर्फ लागत नाही, लाइट गेली तरी बिघडत नाही. श्रावण आला, मार्गशीर्षातले गुरुवार आले, घरात एकादशी-शनिवार पाळतात, तरी तो आपला फळीवर गप्प बसून राहतो. ताज्या मासळीला हे जमत नाही, आणि डब्याचे जास्तीचे पैसे आपण मोजतो ते खरं तर यासाठीच.

डबा घेताना

नेहमीचा डबा 185 ग्रॅमचा असतो. भाव दोनशे ते तीनशे रुपये; हिशेबाला अडीचशे धरू. केरळात भरलेले टेस्टी निबल्ससारखे देशी डबे मिळतात, तसेच थायलंडसारख्या देशांतून आलेलेही. माझं झुकतं माप देशी डब्याला. ट्यूना म्हणजे आपल्या कोकणात मिळणाऱ्या कुप्याचेच भाऊबंद. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर तर ते गळाने एकेक करून पकडण्याची जुनी रीत आहे, आणि मासा डब्यात भरण्याचा सरकारी कारखानाही.

डब्यावरचं 185 ग्रॅम हे मासा आणि तेल मिळून असतं. तेल किंवा मिठाचं पाणी निथळून टाकल्यावर मासा उरतो साधारण 130 ग्रॅम. हे निथळलेलं वजन डब्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. दोन डब्यांची तुलना करायची ती या आकड्यावरून. अडीचशे रुपयांत 130 ग्रॅम म्हणजे मासा किलोला एकोणीसशेच्या पुढे गेला. सुरमईसुद्धा एरवी इतकी महाग नसते.

डब्यात तीन प्रकार येतात. सॉलिड म्हणजे अख्खी मोठी वडी, चंक्स म्हणजे तुकडे, फ्लेक्स म्हणजे चुरा. सॉलिड सगळ्यात महाग. पास्त्यात मासा शेवटी मोडायचाच असतो, तेव्हा फ्लेक्स किंवा चंक्स घ्या. सॉलिडचे जादा पैसे इथे वाया जातात.

तेलातला की पाण्यातला? तेलातला. त्या तेलात माशाचा स्वाद उतरलेला असतो, आणि तेच तेल फोडणीला वापरलं की वेगळं तेल जवळजवळ लागतच नाही. पाण्यातला डबा पथ्याचा म्हणून बरा, पण त्यातला मासा पास्त्यात कोरडा लागतो.

फुगलेला, गंजलेला, शिवणीवर चेपलेला डबा उचलू नका, कितीही सवलत असो. ऑनलाइन मागवलेला डबा चेपलेला आला तर उघडण्याआधी फोटो काढून परत करा. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि किंमत हवी, खाद्य परवान्याचा 14 आकडी क्रमांक हवा, मांसाहाराचं तपकिरी त्रिकोणाचं चिन्ह हवं. बिल मागून घ्या. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

आणि प्रोटीनसाठी म्हणून हा डबा घेत असाल तर घेऊ नका. एका डब्यात साधारण तीस ग्रॅम प्रोटीन असतं. तेवढं पाच अंड्यांत मिळतं, आणि पाच अंडी पस्तीस-चाळीस रुपयांना येतात. डबा चवीसाठी घ्यायचा.

पास्ता

इथे मात्र दहा-वीस रुपये जास्त घालावेत. पाकीट उलटं करून घटक वाचा. ‘ड्युरम गव्हाचा रवा’ असं असेल तर घ्या. ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ म्हणजे मैदा, तो शिजताना बाहेरून चिकट होतो आणि आत कच्चा राहतो. ड्युरम म्हणजे आपला बन्सी गहू. शेवया-कुरडयांसाठी आजी जो कडक, पिवळसर रव्याचा गहू मुद्दाम मागवायची, तोच. निफाडच्या गहू संशोधन केंद्राने पंचवटी नावाचा बन्सी वाण काढला तो शेवया-कुरडया-रव्यासाठीच.

ड्युरमचं 500 ग्रॅमचं देशी पाकीट नव्वद ते एकशेतीस रुपयांत येतं. पुण्याच्या वेकफिल्डसारख्या देशी कंपन्यांचा माल यासाठी पुरेसा आहे. इटलीहून आलेल्या पाकिटाला दीडशे ते अडीचशे मोजण्याची गरज नाही. टोमॅटोच्या रश्शात गेल्यावर फरक कळणं अवघड. सुटी मॅकरोनी किलोला सत्तर-ऐंशी रुपये पडते. मुलांच्या मधल्या वेळच्या खाण्याला ठीक आहे, पण ती बहुधा मैद्याचीच असते.

चार माणसांना 350 ग्रॅम कोरडा पास्ता पोटभर होतो. शिजून तो दुपटीहून जास्त होतो, म्हणून डोळ्याच्या अंदाजाने टाकू नका. पहिल्यांदा करणारे हमखास अख्खं पाकीट ओततात.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

ऑलिव्ह ऑइलची 500 मिलीची बाटली सहाशेच्या आसपास. काळ्या ऑलिव्हची बरणी दोनशे. केपर नावाच्या खारवलेल्या कळ्यांची छोटी बरणी अडीचशे. ओरेगानो सत्तर. पास्ता आणि डब्याचे 360 धरले की हे बिल झालं 1480. भाजी वेगळीच. ताटामागे यातला फार थोडा भाग लागतो. चार माणसांना 40 मिली तेल, मूठभर ऑलिव्ह, दोन चमचे केपर, चिमूटभर ओरेगानो. बाकी सगळं फ्रिजच्या दारात जाऊन बसतं आणि सहा महिन्यांनी बुरशी आली म्हणून फेकलं जातं. महिन्यातून दोनदा पास्ता होत असेल तर बाटली घ्या. वर्षातून दोनदा होत असेल तर घेऊ नका.

याला पर्याय घरातच असतात. डब्यातलं तेल आणि वर चमचाभर घाण्याचं शेंगदाणा तेल पुरतं. शेंगदाण्याचा वास पुढे येईल असं वाटत असेल तर करडई किंवा सूर्यफूल वापरा. ऑलिव्ह नसले तर काही बिघडत नाही. केपरचं काम खारट-आंबट दणका देण्याचं असतं. मिठाच्या पाण्यातल्या कैरीच्या दोन फोडी धुऊन बारीक चिरून टाकल्या की ते होतं. मसाल्याचं लोणचं नको, मेथी-मोहरीने सगळी चव फिरते. गंमत म्हणजे केपर आणि आपल्या कोरड्या माळरानावर उगवणारी नेपती ही एकाच कुळातली झुडपं आहेत. नेपतीच्या फळांचं मिठातलं लोणचं कुणाकडे घालत असतील तर तेच वापरून बघा.

बेसिलची पानं बारामतीत शोधत फिरू नका. फालुद्यात घालतात तो सब्जा म्हणजे त्याच झाडाचं बी. किराणा दुकानातून वीस-तीस रुपयांचा सब्जा आणून चिमूटभर कुंडीत टाकला, रोज थोडं पाणी शिंपडलं, तर महिना-दीड महिन्यात खुडण्याजोगी पानं येतात. तोवर कोथिंबीर.

चीजचा खर्च तर करूच नका. बारामतीच्या डेअरीत चीज बनतं आणि मोठमोठ्या बर्गर दुकानांना जातं, हे खरं. पण माशाच्या पास्त्यावर चीज किसत नाहीत हा इटालियन स्वयंपाकघरातला जुना दंडक आहे. आपल्याला तो परवडणारा आहे, म्हणून पाळावा.

ताटामागचा हिशेब

आता बेरीज. पास्ता 350 ग्रॅम, पाकीट 110 रुपयांचं धरलं तर 77 रुपये. टोमॅटो सहाशे ग्रॅम, तीस रुपये किलोने 18. लसूण-मिरची 8, तेल 10, कोथिंबीर-लिंबू 10. गॅस साधारण अर्धा तास, 14.2 किलोचं सिलिंडर नऊशेच्या घरात धरलं तर सहा-सात रुपये. हा झाला पाया, एकशेतीस. त्यात अडीचशेचा डबा घातला की 380, ताटाला 95. ऑलिव्ह ऑइल, ऑलिव्ह, केपर सगळं वापरलं तर वर साधारण 135 चढतात, म्हणजे ताटाला एकशेतीसच्या जवळ. कॅफेमध्ये नुसत्या लाल सॉसच्या पास्त्याला दीडशे-दोनशे पडतात, आणि त्यात मासा नसतो.

टोमॅटोचा भाव मात्र बघून घ्या. जुलै 2023 मध्ये टोमॅटो शंभरी ओलांडून दीडशे-दोनशेला गेला होता. तसं झालं तर टोमॅटो वगळून लसूण, लिंबू आणि डब्यातलं तेल यावर पांढरा पास्ता करावा. तोही अस्सल इटालियनच.

डब्याऐवजी दुसरं काय

खरी बचत इथे आहे. ट्यूनाच्या सगळ्यात जवळचा मासा म्हणजे बांगडा. दोघे एकाच कुळातले, दोघांचं मांस तेलकट आणि गडद. बारामतीच्या मासळी बाजारात बर्फातला बांगडा दोनशे ते तीनशे रुपये किलोने मिळतो. अर्धा किलो आणला, साफ करून हळद-मीठ लावून वाफवला आणि मधला काटा ओढून काढला की अडीचशे ग्रॅमच्या आसपास मांस हाताला लागतं. म्हणजे डब्याच्या निम्म्या पैशात जवळपास दुप्पट मासा. एकूण अडीचशे-पावणेतीनशे, ताटाला 65 रुपये. माझी पहिली शिफारस हीच. फक्त बांगडा घेताना डोळे आणि कल्ले बघा, आणि घरी आणेपर्यंत बर्फ सोडू नका. उन्हात तासभर राहिलेल्या बांगड्याने अंगावर गांधी उठतात, चेहरा लाल होतो. माशातला हा दोष शिजवूनही जात नाही.

भिगवणची मासळी हा दुसरा मार्ग. 1980 मध्ये पुरं झालेलं उजनी धरण आणि त्याच्या फुगवट्यावर इंदापूर तालुक्यात उभा राहिलेला मासळीचा धंदा आपल्याला माहीतच आहे. सुप्याहून भिगवण साठेक किलोमीटर, त्यामुळे मुद्दाम जाण्यात अर्थ नाही. सोलापूर रस्त्याने येणं-जाणं असेल तेव्हा आणावी. चिलापी शंभर ते दीडशे रुपये किलो. अर्धा किलोत काटा-डोकं जाऊन पावणेदोनशे ग्रॅम मांस मिळतं, ताट पन्नास रुपयांत बसतं. रोहू-कटला पास्त्यात नको. त्यांच्या मांसात बारीक दुहेरी काटे असतात आणि पास्त्याच्या नळीत लपलेला काटा लहान मुलाच्या घशात कधी जाईल सांगता येत नाही. चिलापीचे काटे सुटसुटीत निघतात. गोड्या पाण्यातल्या मासळीला थोडा मातकट वास असतो, तो लिंबू आणि मीठ चोळून दहा मिनिटं ठेवल्याने जातो. मरळ, वाम चवीला कितीही भारी असले तरी त्यांचं कालवणच करावं. पास्त्यात घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

तिसरा मार्ग सुकटीचा. आठवडे बाजारात सुकी मासळी घेऊन बसलेल्या बायकांकडून पन्नास ग्रॅम सुकट वीसेक रुपयांत येते. ती कोरडी भाजून, डोकी-मिशा झटकून, लसणाच्या तेलात परतली की इटलीतले लोक खारवलेल्या बारीक माशांचा पास्ता करतात त्याच्या चवीशी नातं सांगणारा पदार्थ होतो. ताटाला चाळीसच्या आतच पडतो. मीठ मात्र बेताबाहेर घालू नका, सुकटीत ते असतंच.

करताना पैसे कुठे वाया जातात

पाककृती पुस्तकं शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी सांगतात. म्हणजे साडेतीन लिटर. जिराईत पट्ट्यात, मार्च-एप्रिलमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या घराला ते सांगणं बरं दिसत नाही. दोन लिटरमध्ये काम होतं, फक्त पहिली दोन मिनिटं सतत ढवळत राहायचं म्हणजे पास्ता चिकटत नाही. पाणी उकळल्यावर मीठ, दोन लिटरला दीड चमचा. पाकिटावर दहा मिनिटं लिहिली असतील तर आठव्या मिनिटाला एक तुकडा काढून दाताने तोडा. मधोमध पांढरा ठिपका जेमतेम उरलेला असेल तर गाळायची वेळ झाली. गाळण्याआधी वाटीभर पाणी काढून ठेवा. त्यात पिठूळपणा असतो, रस्सा मिळून येतो तो त्याने. क्रीमची गरज पडत नाही, म्हणजे तेही पैसे वाचले.

तोवर दुसऱ्या शेगडीवर रुंद कढईत डब्यातलं तेल मंद आचेवर तापवा. आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून नाही, पातळ काप करून टाका. कडा सोनेरी झाल्या की लगेच चिली फ्लेक्स आणि चिरलेले टोमॅटो. लसूण तपकिरी होऊ दिला तर कडवट लागतो. टोमॅटो दहा-बारा मिनिटांत मऊ होऊन तेल सोडतात. कांदा, हळद, गरम मसाला काही नाही.

मासा सगळ्यात शेवटी. आपल्या हाताला मासा रश्शात उकळायची सवय असते, आणि अडीचशेचा डबा बहुतेक घरांत इथेच वाया जातो. डब्यातला मासा आधीच शिजलेला असतो. आणखी दहा मिनिटं उकळला की त्याचा भुसा होतो. गाळलेला पास्ता कढईत टाका, पाणी थोडं थोडं घालत मिनिटभर हलवा, गॅस बंद करा, मग मासा हाताने मोडून घाला. लिंबू पिळा, कोथिंबीर टाका. संपलं. वाफवलेला बांगडाही असाच शेवटी.

घरात कुणी माळकरी असेल तर मासा घालण्याआधी टोमॅटोचा पास्ता त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात काढून ठेवा. तेव्हा फोडणीला डब्यातलं तेल वापरायचं नाही, हे लक्षात ठेवावं लागतं. वशाटाची कढई वेगळी असलेल्या घरांत टोमॅटोचा रस्सा साध्या कढईत करून मासा दुसरीकडे मिसळणं सोपं.

गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी ट्यूना रोज खाऊ नये, मोठ्या समुद्री माशांत पारा साठतो. लहान जातीच्या, स्किपजॅक ट्यूनाच्या डब्यात तो कमी असतो. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पास्ता होणाऱ्या घरात याची काळजी नको.

उघडलेला डबा तसाच फ्रिजमध्ये ठेवू नका. उरलेला मासा काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढा आणि दोन दिवसांत संपवा. शिजवलेला पास्ताही दोन दिवस टिकतो. गरम करताना चमचाभर पाणी शिंपडा, नाहीतर गोळा होतो. शाळेच्या डब्यात मात्र हा पास्ता उन्हाळ्यात देऊ नये. सुप्याच्या उन्हात दप्तरातला मासा दुपारपर्यंत धड राहत नाही. त्या दिवशी बिनमाशाचा द्यावा, तो पस्तीस रुपयांतच होतो.